देवळातली जुनी वीणा भंगारात टाकू नका. मिरजेचे कारागीर ती पुन्हा बोलती करतात

उंब्रज : सप्ताह जवळ आला की देवळाच्या माळ्यावरची वाद्यं खाली येतात. पखवाजाला ओढ दिली जाते, टाळांच्या दोऱ्या बदलल्या जातात, पेटीचा भाता तपासला जातो. वीणा मात्र नुसती पुसली जाते. तिला हार घालतात, बुक्का लावतात, सात दिवस पहारा बदलत ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. ज्याच्या गळ्यात वीणा, त्याच्या सगळे पाया पडतात. पण ती वाजते कशी, हे फारसं कोणी ऐकत नाही. तार तुटली तर मिळेल ती तार ओढून बांधायची, खुंटी फिरत नसेल तर खिळा मारायचा आणि अगदीच रया गेली तर ऑइलपेंटचा हात द्यायचा, असं बऱ्याच ठिकाणी चालतं.

तानपुऱ्याचंही तसंच. कराड, पाटण, वाळवा, पलूस या भागात ज्या घरांत पूर्वी गाणं होतं, तिथे आजोबा-पणजोबांच्या काळातला एखादा तानपुरा किंवा सतार अडगळीत निघते. भोपळ्याला तडा, तारा गंजलेल्या, दांडीवर धूळ. घर बांधायला काढलं की ते आधी बाहेर जातं आणि मग भंगारवाल्याकडे.

अशी बरीच वाद्यं दुरुस्त होऊ शकतात. त्यासाठी फार लांब जायलाही नको. उंब्रजपासून जेमतेम शंभर किलोमीटरवर मिरजेत ही वाद्यं पिढ्यान्‌पिढ्या घडवणारी आणि दुरुस्त करणारी घराणी आहेत. जुन्या वाद्यात नेमकं काय मोलाचं असतं, कारागीर त्यात काय करतो आणि त्याच्याकडे नेण्याआधी आपण काय बघायचं, हे समजून घेतलं तर पुष्कळ वाद्यं वाचतील.

तलवारीवरून तारेवर

मिरज हे पटवर्धनांचं संस्थान. संस्थानात शस्त्रं घासणारे, धार लावणारे शिकलगार होते. इंग्रजी अंमल पक्का झाला तशी तलवारी-भाल्यांची कामं आटली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास याच शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब आणि त्यांचे बंधू वाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले. दरबारात गवई येत, त्यांची तंतुवाद्यं वाटेत बिघडत. दुरुस्ती करता करता हात बसला आणि पुढे नवीन तानपुरे, सतारी इथेच तयार होऊ लागल्या. धंद्यावरून आडनावही पडलं, सतारमेकर. मिरजेत आजही सतारमेकर गल्ली आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हा धंदा सुरू झाला तो दुरुस्तीपासून. आधी दुसऱ्याचं बिघडलेलं वाद्य उघडून बघितलं, मग स्वतःचं घडवलं.

गिऱ्हाईकही दारातच होतं. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत होते. कुरुंदवाडला 1872 मध्ये जन्मलेले विष्णू दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे मिरजेतच शिकले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. 1937 मध्ये ते गेले आणि मिरजेच्या मिरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात दरवर्षी गाण्याची सभा होते. हिराबाई बडोदेकर यांचा जन्मही मिरजेचाच, 1905 सालचा. असे कान असलेली माणसं गल्लीतच राहत असली की कारागिराला चूक लपवता येत नाही. गवयाने तानपुरा छेडायचा, नाक मुरडायचं, कारागिराने पुन्हा कानस हातात घ्यायची, असं करत करत मिरजेचा हात तयार झाला.

वाद्य बनतं कशाचं?

तानपुरा काय, सतार काय, वीणा काय, मूळ गोष्टी दोनच. भोपळा आणि लाकूड.

भोपळा म्हणजे आपण भाजीला आणतो तो नव्हे. हा कडू भोपळा. कडू असल्यामुळे खायच्या कामाचा नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा-पंढरपूर भागात, भीमेच्या काठाला, तो खास वाद्यांसाठी घेतला जातो. फळ वेलावर पूर्ण पिकू द्यायचं, कवच कठीण झालं की काढून वाळवायचं. मोठ्या तानपुऱ्याला चार फुटांच्या आसपास घेराचा भोपळा लागतो. आकार गोल हवा, बूड सारखं हवं, कवच एकसारख्या जाडीचं हवं. शेतकऱ्याने वेलावर त्याची बसकण बिघडू दिली तर पुढे कारागिराला काही करता येत नाही. म्हणजे वाद्याचा पहिला कारागीर शेतकरीच.

मिरजेत आल्यावर वाळलेला भोपळा पाण्यात भिजवून मऊ करतात. वरचा भाग कापतात, आतला गर आणि बिया खरवडून काढतात, आतून काड्यांचा आधार देऊन आकार धरतात आणि पुन्हा वाळवतात.

लाकूड वापरतात तुणीचं. वजनाला हलकं, तांबूस, कामाला मऊ आणि वाळवी सहसा न लागणारं. ते कर्नाटकातल्या जंगल भागातून येतं. दांडी आतून पोकळ असते. भोपळ्याच्या तोंडावर जी लाकडाची पातळ, किंचित फुगीर फळी बसते तिला तबली म्हणतात. तिची जाडी हा सगळा खेळ आहे. जाड राहिली तर आवाज कोंडतो, जास्त पातळ झाली तर तारांच्या दाबाने खाली बसते. भोपळा आणि दांडी यांचा जोड गळ्यापाशी असतो. त्या जोडावर लाकडी पानांची नक्षी दिसते, ती नुसती शोभेची नाही, जोड झाकण्याचं आणि बळकट करण्याचं कामही ती करते. शेवटी लाखेच्या पॉलिशचे हात मारले जातात.

जवारी म्हणजे काय?

आपल्याकडे जवारी म्हटलं की धान्य आठवतं, नाहीतर जवारी कोंबडी. वाद्यातली जवारी वेगळी.

तबलीवर मधोमध एक रुंद, सपाट दिसणारी घोडी असते. तारा तिच्यावरून जातात. ही घोडी सपाट दिसते, पण सपाट नसते. तिच्या माथ्याला अगदी बारीक उतार दिलेला असतो. डोळ्याला जाणवणार नाही इतका. तार छेडली की ती वर-खाली हलताना या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. त्या स्पर्शातून जो भरलेला, घुमणारा, मधमाशांच्या गुंजारवासारखा आवाज निघतो, तीच जवारी. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवतात. दोरा केसभर पुढे-मागे केला की आवाज उघडतो किंवा मिटतो.

शेतकऱ्याला हे समजायला सोपं आहे. वाफ्याला उतार जास्त झाला तर पाणी धावत सुटतं, कमी झाला तर तुंबतं. नेमका उतार साधला की पाणी सगळ्या वाफ्यात सारखं पसरतं. जवारीचंही असंच आहे. फरक एवढाच, की वाफ्याचा उतार बोटांत मोजता येतो आणि जवारीचा उतार कागदाच्या जाडीपेक्षाही कमी असतो. त्याला माप नाही. कारागीर कानस फिरवतो, तार चढवतो, ऐकतो, तार उतरवतो, पुन्हा कानस फिरवतो. दहा वेळा, वीस वेळा. मोजपट्टी एकच, कान.

यामागचं शास्त्र सर सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये आपल्या तंतुवाद्यांवरच्या निबंधात मांडलं. तार ज्या जागी छेडली त्यावरून कोणते उपस्वर उमटणार नाहीत, याचा एक नियम युरोपात ठरलेला होता. तानपुरा आणि वीणा तो नियम पाळत नाहीत, असं रामन यांना आढळलं. जे उपस्वर उमटायला नकोत तेही इथे स्पष्ट ऐकू येतात आणि त्याचं कारण ही रुंद, उताराची घोडी. पुढे 1930 मध्ये रामन यांना नोबेल मिळालं ते प्रकाशावरच्या कामासाठी. पण तानपुऱ्याची घोडी त्यांच्या अभ्यासात त्याच्या आधीच येऊन गेली होती. चांगल्या लागलेल्या तानपुऱ्यात कोणतीच तार गंधारात लावलेली नसताना गंधार ऐकू येतो, असं गवई सांगतात. ती कल्पना नाही, जवारीतून उठणारा उपस्वरच आहे.

आता अडचण अशी, की तार घासून घासून घोडीवर खाचा पडतात. उतार बिघडतो. आवाज आधी चरचरीत होतो, मग बसतो. लोकांना वाटतं वाद्य म्हातारं झालं, संपलं. खरं तर फक्त जवारी बंद झालेली असते. ती पुन्हा काढून घेतली की तेच वाद्य बोलायला लागतं. पखवाजाची शाई उडाली म्हणून आपण पखवाज फेकत नाही, तसंच हे.

जुनं वाद्य मोलाचं का?

लाकूड कापल्यावर त्यातला ओलावा जायला वर्षं लागतात. ओलं लाकूड उन्हाळ्या-पावसाळ्यात आकसतं, फुगतं, पिळतं. पन्नास-साठ वर्षं जुन्या दांडीने आणि तबलीने हे सगळे ऋतू पचवलेले असतात. जे वाकायचं, पिळायचं ते आधीच होऊन गेलेलं असतं. त्यामुळे दुरुस्तीनंतर असं वाद्य सहसा सुरात टिकतं. शिवाय पूर्वी निवांत वाळवलेलं, सरळ रेषांचं लाकूड मिळायचं. आज तसं लाकूड सहज मिळत नाही.

पण जुनं म्हणजे चांगलंच, असंही नाही. मुळात घाईत बनवलेलं वाद्य शंभर वर्षांनीही घाईतलंच राहतं. म्हणून अनुभवी कारागिराला दाखवल्याशिवाय टाकूही नये आणि भरमसाट पैसे देऊन घेऊही नये.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. ऑर्केस्ट्रात, कॉलेजच्या गॅदरिंगला आपण जी गिटार बघतो तिला सहा तारा असतात. तिचाच एक प्रकार बारा तारांचा आहे. सहा जोड्या, प्रत्येक जोडीतल्या दोन तारा शेजारी शेजारी. जाड तारांच्या जोडीला एक पातळ तार वरच्या सप्तकात लावलेली, वरच्या दोन जोड्या एकाच सुरात. दोन तारा कितीही जुळवल्या तरी त्यांच्यात किंचित फरक राहतोच आणि त्यातूनच एक लहरता, भरलेला आवाज येतो. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा ऐकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकेतले लोकगायक लेड बेली अशी बारा तारांची स्टेला गिटार वाजवायचे. त्या काळी ही गिटार स्वस्तातली, साध्या माणसांची होती. आज तसल्या जुन्या गिटारी लोक शोधत फिरतात. पण बारा तारांचा ताण मोठा. वर्षानुवर्षं ओढून मान पुढे वाकते, पुढची फळी फुगते, तारा पट्टीपासून वर उठतात. मग गिटार घडवणारे कारागीर, ज्यांना तिकडे लुथियर म्हणतात, मान सोडवून पुन्हा योग्य कोनात बसवतात, आतल्या पट्ट्या सांधतात आणि वाजवणाऱ्याच्या हाताप्रमाणे फेरबदल करून देतात. जुनी फळी मात्र होता होईल तो बदलत नाहीत, कारण आवाज तिच्यात असतो.

मिरजेचा सतारमेकर नेमकं हेच करतो. नाव वेगळं, काम तेच.

दुरुस्तीत काय काय होतं?

सगळ्यात सोपं काम तारा, दोरा आणि जवारी. तानपुऱ्यात जोडीच्या तारा पोलादी असतात, खर्जाची पितळी. तार कोणत्या जाडीची लावायची हे गाणाऱ्याच्या पट्टीवर ठरतं. बाई काळी चार-पाचमध्ये गात असेल आणि तारा पुरुषी पट्टीच्या असतील तर वाद्य कितीही चांगलं असो, आवाज धरत नाही. गावाकडे नेमकं हेच चुकतं. मिळेल ती तार लावली जाते.

दुसरं काम खुंट्यांचं. खुंटी आणि तिचं भोक झिजून सैल होतं आणि सूर उतरतो. कारागीर भोक पुन्हा गोल करून नवीन खुंटी त्या मापाला घासून बसवतो. थोडीफार सैल असेल तर खुंटीला खडू चोळूनही भागतं. खिळा, पाचर, फेव्हिक्विक हे उपाय मात्र वाद्याचा जीव घेतात.

तिसरं काम भोपळ्याचं. बारीक तडा असेल तर आतून कापडाची पट्टी आणि गोंद लावून तो सांधतात. भोपळा फुटलाच असेल तर त्याच घेराचा नवा भोपळा शोधून जुन्या दांडीला आणि तबलीला जोडता येतो. खर्च वाढतो, पण वाद्य वाचतं.

चौथं, तबली बसणे. घोडीखालची जागा खाली दबलेली दिसते. मग तबली उघडून आतून आधार द्यावा लागतो किंवा ती बदलावी लागते. बदलली की आवाज बदलतो. म्हणून चांगला कारागीर आधी वाचवायचा प्रयत्न करतो.

पाचवं आणि सगळ्यात अवघड, दांडी वाकणे. थोडा बाक निघू शकतो, जास्त असेल तर वरचा भाग उघडावा लागतो.

घोड्या पूर्वी सांबरशिंगाच्या, सजावट हस्तिदंताची असायची. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते बंद झालं. आता उंटाचं हाड, शिसवासारखं कठीण लाकूड किंवा प्लास्टिक वापरतात. जुन्या वाद्यावर शिंग किंवा हस्तिदंत असेल तर ते सुटं काढून विकायच्या भानगडीत कोणी पडू नये, तो गुन्हा आहे.

फेरबदलही होतात. सतारीला तरफेच्या तारा असतात, मुख्य तारांच्या खालून जाणाऱ्या. त्या छेडायच्या नसतात, वरचा सूर लागला की आपोआप झंकारतात. रविशंकर यांच्या धाटणीची सतार वेगळी, विलायत खाँ यांच्या धाटणीची वेगळी. तारांची संख्या आणि मांडणी वाजवणाऱ्यावर ठरते. जयपूरच्या विश्वमोहन भट्ट यांनी तर गिटारीलाच तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा केली आणि त्यांना 1994 मध्ये ग्रॅमी मिळालं. म्हणजे वाद्य ही दगडावरची रेघ नाही. वाजवणारा आणि घडवणारा एकत्र बसले की ते बदलतं.

मिरजेला नेण्याआधी घरी काय बघायचं?

पहिलं, भोपळ्यावर बोटाने हलकी टिचकी मारावी. टणक, मोकळा आवाज आला तर कवच शाबूत आहे. फुटक्या मडक्यासारखा आवाज आला तर कुठेतरी तडा आहे.

दुसरं, दांडी डोळ्यासमोर धरून बंदुकीचा नेम धरावा तसं टोकाकडून बघावं. बाक किंवा पीळ लगेच दिसतो.

तिसरं, घोडीच्या माथ्यावर तारांच्या खाचा पडल्यात का ते बघावं. पडल्या असतील तर घाबरायचं कारण नाही, जवारी काढली की काम होतं.

चौथं, गळ्याचा जोड हलतोय का ते हाताने अलगद बघावं. जोड सुटला असेल तर तारा ताबडतोब सैल कराव्यात, नाहीतर ताणाने तो आणखी उघडतो.

पाचवं, भोकं पडून बारीक भुसा गळतोय का ते बघावं. गळत असेल तर कीड आहे. असं वाद्य बाकीच्या लाकडी वाद्यांपासून वेगळं ठेवावं.

2019 आणि 2021 च्या महापुरात कृष्णाकाठच्या कित्येक गावांत देवळात आणि घरात पाणी शिरलं. अशा वेळी भिजलेलं वाद्य लोक सरळ उन्हात ठेवतात. तिथेच ते फुटतं. बाहेरचं कवच आधी वाळतं, आतलं ओलं राहतं आणि तडा जातो. भिजलेल्या वाद्याच्या तारा उतरवून ते सावलीत, हवेशीर जागी आठ-पंधरा दिवस हळूहळू वाळू द्यावं. जोड सुटले तरी तुकडे फेकू नयेत. सुटलेला जोड पुन्हा बसतो, हरवलेला तुकडा नाही.

जायला रेल्वे बरी. मसूर किंवा कराड स्टेशनवरून मिरजेची गाडी मिळते. वाद्य गवसणीत घालून मांडीवर किंवा आपल्या सीटवर ठेवावं, भोपळ्यावर कशाचंही वजन येऊ देऊ नये. एसटीच्या टपावर किंवा उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये.

कारागिराकडे गेल्यावर तीन गोष्टी आधी बोलून घ्याव्यात. काय काय बदलणार, काय मूळचं राहणार आणि किती दिवस लागणार. आपलं गाणं कोणत्या पट्टीत आहे तेही सांगावं. भजनी मंडळ असेल तर आपल्या पेटीच्या पट्टीनुसार तारा लावून घ्याव्यात.

मानांकन मिळालं, पुढे काय?

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला मार्च 2024 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं. सतारीचं मानांकन मिरज म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स क्लस्टरच्या नावे, तानपुऱ्याचं सोलट्यून म्युझिकल इन्स्ट्रुमेंट प्रोड्यूसर फर्मच्या नावे. इथे साडेचारशेहून जास्त कारागीर आहेत आणि महिन्याला साठ-सत्तर सतारी, शंभराच्या आसपास तानपुरे बनतात, असं त्यावेळी सांगण्यात आलं होतं.

आपल्या भागाला मानांकन नवं नाही. सांगलीची हळद आणि बेदाणा, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, कोल्हापूरचा गूळ, मंगळवेढ्याची ज्वारी यांना ते मिळालेलं आहे. अर्थ सोपा आहे. दुसरीकडे बनवलेला माल मिरजेचा म्हणून विकता येणार नाही. तसं केलं तर 1999 च्या कायद्यानुसार सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. नोंदणी दहा वर्षांची असते, नंतर ती पुन्हा वाढवून घ्यावी लागते.

पण हळद-बेदाण्याच्या शेतकऱ्यांना माहीत आहे, की मानांकनाचा कागद आला म्हणून दुसऱ्या दिवशी भाव वाढत नाही. मानांकन नावाचं रक्षण करतं, हाताचं नाही. हात टिकतो तो कामाने.

आणि काम कमी होतंय ते दुसऱ्याच बाजूने. 1979 मध्ये बेंगळुरूत इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार झाला. आता तर मोबाईलमध्ये फुकट ॲप आहे. रोजच्या रियाजाला ते सोयीचं आहे, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. लांब प्रवासात भोपळा सांभाळत फिरणं कोणाला जमतं? पण त्यामुळे घरात तानपुरा घ्यायची गरज वाटेनाशी झाली. भजनात पेटीने आधीच जागा घेतली होती. मागणी घटली की कारागिराचा मुलगा दुसरं काम बघतो. भोपळा लावणारा शेतकरी दुसरं पीक बघतो. यात दोष कोणाचाच नाही, पोट सगळ्यांना आहे.

जवारी मात्र पुस्तकातून शिकता येत नाही. वडिलांच्या शेजारी बसून, त्यांची कानस कशी फिरते ते बघत आणि आवाज कधी उघडला ते ऐकत वर्षं काढावी लागतात. ही साखळी एका पिढीत तुटली तर दुरुस्ती करणाराच उरत नाही. मग भंगारात जाणारी वाद्यं खरंच भंगार होतील.

नवीन तानपुरा घेणं प्रत्येक मंडळाला परवडणार नाही. पण आहे ते वाद्य दुरुस्त करून घेणं बऱ्याच जणांना परवडतं. त्या कामावर कारागिराचा हात चालू राहतो आणि शिकणाऱ्या पोराला उघडून बघायला जुनं वाद्य मिळतं. हा धंदा ज्या रस्त्याने आला, त्याच रस्त्याने तो टिकूही शकतो.

दुरुस्तीनंतर एवढं पाळा

वाजवून झालं की कोरड्या कापडाने तारा आणि घोडी पुसा. हाताच्या घामाने तार गंजते. फार दिवस वाजवायचं नसेल तर तारा एक-दोन सूर उतरवून ठेवा, सगळ्या एकदम मोकळ्या करू नका. गवसणीत घालून भिंतीला टेकवून किंवा खुंटीला अडकवून ठेवा. जमिनीला ओल येते आणि उंदीर भोपळा कुरतडतो. चुलीच्या किंवा धुनीच्या धुरापासून लांब ठेवा. हार घाला, पण ओल्या फुलांचं पाणी तबलीवर उतरू देऊ नका. हळद-कुंकू, बुक्का लावायचा तर दांडीच्या टोकाला लावा, घोडीवर नको. तेल आणि ऑइलपेंट तर अजिबात नको. रंगाचा थर लाकडाचं तोंड बंद करतो.

यंदा सप्ताहाची वर्गणी गोळा करताना मंडप, जेवण आणि साउंडच्या यादीत वीणेच्या दुरुस्तीची एक ओळ घालायला हरकत नाही. सप्ताहाच्या निदान महिनाभर आधी वाद्य मिरजेला पोचवा. ऐन वेळी गेलं तर जवारीला वेळ मिळत नाही आणि घाईत काढलेली जवारी चार दिवसांत पुन्हा बसते.